साखळी टाक्यातली नावं

ती नऊ नावं मी काढली. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळातल्या कोणी नाही, हॉलच्या शिपायानेही नाही. दाढीच्या पात्याने, भर दुपारी, हॉलचं दार आतून लावून घेऊन ती मी काढली. हे तोंडाने सांगायला मला सात वर्षं लागली, आणि लिहायला त्याहून जास्त. आज बाईंविषयी लिहायला बसलो आहे तर सुरुवात इथूनच करायला हवी. नाहीतर त्यांच्या एकेक गमती सांगत मी अलगद सुटून जाईन आणि वाचणाऱ्याला वाटेल, काय गुणी विद्यार्थी होता हा.

बाई म्हणजे आमच्या नाशिकरोडच्या नगरपालिका शाळेतल्या शिवणाच्या बाई. शिवणाचा तास खरं तर मुलींचा. पण पावसाने मैदानावर चिखल झाला की बाई आम्हा मुलांनाही वर्गात ओढून आणायच्या आणि प्रत्येकाच्या हातात सुई द्यायच्या. "बटण तुटलं की आईकडे पळता. आई काय बटणांचं झाड आहे?" असं म्हणून त्या आम्हाला चार भोकांच्या बटणात दोरा कसा फिरवायचा ते दाखवत. आमच्यापैकी कोणी कुरकुरलं तर त्या त्याच्या सदऱ्याचं चांगलं बटण कातरीने कापून टाकत. मग त्याला ते लावावंच लागे.

बुटक्या, सावळ्या, चालताना एका अंगाला झुकणाऱ्या. मनगटावर पुरुषी घड्याळ. ब्लाउजच्या डाव्या खांद्यावर लाल दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. रस्त्यात कोणाचं बटण लोंबताना दिसलं की बाईंना राहवत नसे. एकदा नाशिकच्या द्वारका चौकात आम्ही नाशिकरोडच्या बसमध्ये चढलो. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला. त्याच्या खाकी सदऱ्याचं दुसरं बटण एका दोऱ्यावर होतं. "हलू नका," बाई म्हणाल्या, आणि त्याचा सदरा धरून शिवायलाच लागल्या. मागचे प्रवासी ओरडायला लागले, ड्रायव्हर आरशातून बघू लागला, कंडक्टर मान वर करून लालेलाल उभा. बाईंनी शेवटी दोरा दाताने तोडला तेव्हा त्यांचं डोकं त्याच्या छातीला टेकलं होतं. तो म्हणाला, "बाई, तिकीट?" "पुरं घे," बाई म्हणाल्या, "बटणाचं काही मी लावत नाही."

कोणाच्या घरी गेल्या तर आधी काम मागायच्या. शेंगा सोलायला, तांदूळ निवडायला, काहीही. हात रिकामे असताना चहा घशाखाली उतरत नाही म्हणायच्या. नोकरी लागल्यावर मी नाशिकमध्ये भाड्याने खोली घेतली, तिथे त्या एकदा आल्या. माझ्या बायकोने दिलेली मेथी निवडून झाली, चहा झाला, आणि निघताना त्यांची नजर दारावरच्या पाटीवर गेली. पाटीवर माझं आणि वडिलांचं नाव होतं. आडनाव नव्हतं.

"इथे अर्धाच माणूस राहतो वाटतं," बाई म्हणाल्या.

मी हसण्यावारी नेलं. आम्ही बौद्ध. ती खोली मिळण्याआधी तीन घरमालकांनी आडनाव ऐकून, गावाहून भाचा यायचाय, असं सांगितलं होतं. तिघांनाही भाचेच होते. चौथ्याला मी आडनाव सांगितलंच नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः मात्र कुठेही पूर्ण नावाखेरीज सही केली नाही. दुधाच्या कार्डावरसुद्धा.

त्या निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात त्यांनी आमच्या वस्तीत गोधड्यांचं मंडळ काढलं. आमची वस्ती नाशिकरोडहून एकलहऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. घराघरातले पुरुष तिथल्या थर्मल वीजकेंद्रात, कोणी कोळशावर, कोणी ठेकेदाराकडे. मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून. दुपारी कामं आवरली की आठ-नऊ बायका विहाराच्या ओट्यावर जमत. बाई शिंप्यांकडून कापडाचे तुकडे गोळा करून आणायच्या, आतून घालायला धुतलेली जुनी लुगडी, आणि वर बारीक धावदोरा. वारा एकलहऱ्याकडून सुटला की थर्मलच्या धुराड्यांची राख उडत यायची. तेवढ्यापुरत्या सगळ्या जणी गोधड्या पोटाशी गुंडाळून आत पळायच्या आणि वारा पडला की पुन्हा ओट्यावर यायच्या.

सुरुवातीला या गोधड्या नुसत्या विकायच्या होत्या. मग एका पौर्णिमेला विहारात एक भन्तेजी आले. त्यांच्याकडे कंबोडियाची चित्रं होती. तिथे मोठं युद्ध झालं होतं, उपासमार झाली होती, नवरे गमावलेल्या हजारो बायका सीमा ओलांडून छावण्यांत राहत होत्या. तिथल्या एका छावणीत बायकांसाठी शिवणाचा वर्ग चालतो, एका बाईचं वर्षभराचं कापड, दोरा आणि शिकवणी असा खर्च कोणी उचलला तर तिला त्या वर्गात जागा मिळते, असं भन्तेजींनी सांगितलं. पैसे मुंबईच्या एका मदतसंस्थेत भरायचे, पुढचं सगळं ते बघतात.

बाई मध्येच उठून उभ्या राहिल्या. "एक बाई आमची," म्हणाल्या.

भन्तेजी गेल्यावर ओट्यावर कल्ला झाला. भागाबाई म्हणून एक होती, उंच, हाडापेराने दणकट, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "बाई, माझ्या डब्यात उद्याचं पीठ नाय आन् तुमी समुद्रापल्याड कुठं निघाल्या? हितं गरीब कमी हायेत का?"

"आहेत ना. तूच आहेस."

"मंग?"

"मग हेच. आजवर आपल्याला सगळ्यांनी दिलं. उतरलेली लुगडी दिली, उरलेलं अन्न दिलं, वरून टाकलं. घेताना हात कसा धरायचा ते आपल्याला पाठ आहे, भागा. एकदा देताना कसा धरायचा ते शिकू."

भागाबाई म्हणाली, "बरं. पन ती बाई कामचुकार निगाली तर मी तिचं नाव काढून टाकीन."

दोन महिन्यांनी मुंबईहून फोटो आला. फोटोतली बाई बारीक, केस कापलेले, डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. नाव सोखा. पहिल्या दिवसापासून बाईंनी तिला हजेरीत घेतलं. हो, बाई त्या ओट्यावरही हजेरी घ्यायच्या, पुठ्ठ्याच्या वहीत. नऊ नावं झाली की दहावं, "सोखा?"

"ती लय लांब हाय बाई," कोणीतरी म्हणायचं, "तिची रजा मांडा."

"रजा कशाची? ती तिथे शिवतेय, आपण इथे. हजर."

मदत, दान हे शब्द बाईंनी ओट्यावर उच्चारू दिले नाहीत. शब्द होता वाटा. सोखाचा वाटा. गोधडी विकली गेली की शिवणारीचे पैसे तिला, आणि सोखाचा वाटा डब्यात. मी थर्मलमधून सुटलो की येऊन इंग्रजीतली पत्रं टंकलिखित करून द्यायचो. बाई मला नावाने हाक मारत नसत. "ए कारकून, लिही. तिला म्हणावं, धावदोऱ्यात टाके मोजायचे नसतात, बोटाला सांगायचं असतं."

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. गोधडी पुरी झाली की शिवणारीने कोपऱ्यात लाल दोऱ्याने आपलं नाव घालायचं. नुसतं सखू किंवा भागा नाही. स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिन्ही. त्यातल्या बऱ्याच जणींनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. बाई ओट्यावर खडूने नाव लिहायच्या, ते बघून बायका कापडावर पेन्सिलीने उतरवायच्या आणि त्यावर साखळी टाका घालायच्या. साखळी टाका अशासाठी की त्यात अक्षरांची वळणं गोल येतात. भागाबाईच्या गोधडीवर 'भागाबाई काशिनाथ पगारे' असं एक हात लांब नाव होतं. अक्षरं एकमेकांना धक्के देत चालल्यासारखी दिसायची.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी मुंबईहून पत्र आलं की पुढच्या वर्षाचा वाटा महिनाअखेर पोचला नाही तर सोखाची जागा रांगेतल्या दुसऱ्या बाईला द्यावी लागेल. आमच्याकडे नऊ गोधड्या तयार होत्या आणि गिऱ्हाईक नव्हतं. तेवढ्यात नाशिकमधल्या एका महिला मंडळाच्या चिटणीस बाईंनी आपल्या हस्तकला प्रदर्शनात आम्हाला एक टेबल फुकट दिलं. तीन दिवसांचं प्रदर्शन. नऊच्या नऊ विकल्या तर वाटा पुरा होणार होता. बाई म्हणाल्या, "मी तिथे बसले तर गिऱ्हाइकांची बटणं बघत बसेन. कारकून, तू रजा काढ. तू गोड बोलतोस."

पहिल्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोड बोललो. बायका यायच्या, गोधडीवरून हात फिरवायच्या. "अगोबाई, काय बारीक धावदोरा आहे हो!" घडी उलगडायच्या, कोपरा हाती यायचा, नाव वाचायच्या. आणि मी तो चेहरा ओळखायचो. भाचे असलेल्या तिन्ही घरमालकांचा तोच चेहरा होता. राग नाही, तिरस्कारही नाही. फक्त हात हळूच मागे यायचा.

एकीने विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"शिवणारीचं नाव."

"हो का! छान. म्हणजे कुठल्या हो या बायका?"

"नाशिकरोडच्या."

"तसं नाही हो, कुठल्या म्हणजे..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "मिस्टरांना विचारून सांगते."

दिवसभरात एकही गोधडी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच झालं. दुपारी एक ते चार हॉल बंद असायचा. चिटणीस बाई मला किल्ली देऊन जेवायला गेल्या. मी दार लावलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं पातं काढलं आणि पहिली गोधडी मांडीवर घेतली. त्या वेळी मी स्वतःला काय सांगत होतो तेही लिहितो. सोखाची जागा जाईल. बायकांचा अपमान होतोय, तो मी थांबवतोय. आडनाव गाळून मला खोली मिळाली, त्यात कोणाचं काय बिघडलं? ही सगळी कारणं मला तेव्हा खरी वाटत होती. त्यातली एक-दोन खरी असतीलही.

साखळी टाक्याचं असं असतं की शेवटची गाठ कापून दोरा ओढला की ओळ मागून पुढे सुटत येते. आधी आडनाव गेलं. मग नवऱ्याचं नाव. मला खरं तर तिथे थांबता आलं असतं. पण अर्धवट ओळ वाईट दिसत होती, म्हणून मी शिवणारीचं स्वतःचं नावही ओढलं. नऊही गोधड्यांचं तसंच केलं. राहिलेली भोकं नखाने घासून बुजवली. लाल दोऱ्यांचा गुंता बाहेरच्या गटारात टाकला, हात धुतले आणि डबा खाल्ला.

संध्याकाळपर्यंत सात गोधड्या विकल्या गेल्या. विकलेल्या वस्तूवर चिठ्ठी लावायची आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गिऱ्हाइकाला द्यायची, अशी तिथली पद्धत होती. मी सायकल हाणत वस्तीत गेलो. ओट्यावर सगळ्या वाट बघत होत्या. "सात गेल्या," मी म्हणालो.

एकच गलका झाला. बाईंनी घड्याळ काढून पुसलं, परत बांधलं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "बघा. नाव वाचून घेतात लोक. मी सांगत नव्हते?"

मी सायकलीला कुलूप लावायला वळलो.

"मंग उद्या आमी बी येतो," भागाबाई म्हणाली. "आमच्या मालकाला दावते. त्यांना वाटतं म्या लिवलंच नाय, बाईंनी लिवून दिलं."

मी म्हणालो, गर्दी असते, बसला वेळ लागतो, उगाच रोज बुडेल. कोणी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला नऊ जणी आल्या. ठेवणीतली लुगडी, केसांना तेल. सोबत बाई, आणि मागे डोक्याला मफलर गुंडाळलेला भागाबाईचा नवरा. दारात सगळ्या जणी घुटमळल्या. चपला बाहेर काढायच्या की घालून जायचं, ते त्यांना कळेना. बाई चपला घालून आत गेल्या, मग त्याही गेल्या.

भागाबाईने आपली गोधडी लांबूनच ओळखली. "ही बगा माझी. वाचा नाव," ती नवऱ्याला म्हणाली. काशिनाथराव चौथी शिकलेले. त्यांनी कोपरा बघितला. दुसरा बघितला. चारही बघितले.

"कुठंय गं?"

"हाय ना, खालच्या अंगाला."

"नाय दिसत."

तिने स्वतः कोपरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्यावरून अंगठा फिरवू लागली. आपण एखादं ओळखीचं ठिकाण अंधारात चाचपावं तसा. भोकं तिच्या बोटाला लागली असणार. काशिनाथराव हसले. वाईट हसले नाहीत, नवरे हसतात तसे हसले. "म्हनलं नव्हतं? हिला कुठलं लिवता येतंय!"

बाकीच्या जणींनी आपापल्या गोधड्या उलगडल्या. मग हॉलमध्ये बाईंचा आवाज आला, शाळेत यायचा तसा. "कोणी काढली?"

चिटणीस बाई धावत आल्या. "काय झालं?"

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. का हो?"

"नावं काढलीत तुम्ही यांची?"

"मी? अहो, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग उंदरांनी काढली? आणि उंदीर बरे नेमके नावंच वाचून खातात तुमच्या हॉलमधले!"

चिटणीस बाईंनी माझ्याकडे बघितलं. आदल्या दुपारी किल्ली कोणाकडे होती हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. त्या थांबल्या, मी बोलेन म्हणून. मी बोललो, "जाऊ द्या ना बाई, विकल्या गेल्या ना!" एवढंच. चिटणीस बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला उघडं पाडलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

बाईंनी खांद्यावरची सुई काढली. "बसा गं सगळ्या," त्या म्हणाल्या, आणि स्वतः हॉलच्या मधोमध फरशीवर फतकल मारून बसल्या. पिशवीतून सुया निघाल्या, लाल रीळ निघालं. नऊ जणी भोवती बसल्या आणि आपापली नावं पुन्हा घालायला लागल्या. या वेळी साखळी नाही. "हातशिलाई घाला," बाईंनी सांगितलं, "प्रत्येक टाका मागे वळून घट्ट. ओढलं तर कापड फाटेल, पण नाव सुटायचं नाही." काशिनाथराव भिंतीशी उकिडवे बसून बायकोच्या हाताकडे टक लावून बघत होते. तिने दुसरं अक्षर पुरं केलं तेव्हा त्यांनी डोक्याचा मफलर काढला.

गिऱ्हाइकं आली, थांबली, वाचली. सातांपैकी चौघींना अचानक घरून निरोप आले. तिघांनी गोधड्या नेल्या. त्यातले एक म्हातारे गृहस्थ भागाबाईसमोर वाकून म्हणाले, "हा निळा तुकडा कुठला हो?"

"आमच्या मालकाच्या ड्यूटीच्या पँटीचा."

"मग टिकेल," ते म्हणाले, आणि ती शिवून होईपर्यंत खुर्ची ओढून बसले.

उरलेल्या सहा गोधड्या बाईंनी पगाराच्या दिवशी थर्मलच्या गेटबाहेर दोरीवर टांगल्या, कोपरे बाहेर काढून, नावं दिसतील अशी. पहिली पाळी सुटली. फिटर, वेल्डर, कोळशावरचे, त्यांत सगळ्या जातींचे लोक. संध्याकाळपर्यंत दोरी रिकामी झाली. वाटा दोन दिवस उशिरा पोचला आणि सोखाची जागा राहिली. म्हणजे मी जे केलं त्याची गरजही नव्हती.

पुढच्या वर्षी चिटणीस बाई स्वतः रिक्षा करून वस्तीत आल्या, टेबल घ्या म्हणायला. बाई उठल्या नाहीत. पाणीही विचारलं नाही. "आमची नावं लांब असतात," त्या म्हणाल्या, "तुमच्या हॉलमध्ये मावत नाहीत." चिटणीस बाई पुन्हा एकदा माझ्याकडे बघून परत गेल्या. मी तिथेच ओट्यावर बसून टंकलेखन यंत्राची फीत बदलत होतो. त्या दिवशी बोललो असतो तर फार तर एका वर्षाचं पाप होतं.

नंतर सोखा छावणीतून कुठल्याशा दूरच्या देशात गेली, तिथे शिवणाच्या कारखान्यात लागली, असं मुंबईच्या पत्रातून कळलं. आमच्या मंडळाने दुसरी बाई घेतली, मग तिसरी. सोखाचं नाव बाईंनी हजेरीतून कमी केलं नाही. "नोकरी लागली म्हणून काय आपली राहिली नाही?"

प्रदर्शनानंतर सात वर्षांनी बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तोवर मी इंदिरानगरला राहायला आलो होतो. दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन मी आठवड्याच्या सुया ओवून ठेवायचो, वीस-पंचवीस, वेगवेगळ्या दोऱ्यांच्या. एका रविवारी बोलता बोलता चिटणीस बाईंचा विषय निघाला. त्या आजारी आहेत, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

"असू दे," बाई म्हणाल्या. "मी जन्मात कोणाला शाप दिला नाही. तिला दिला. भागाचा अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरत होता ना, तो मला अजून दिसतो. बाकी आता काही दिसत नाही."

माझ्या हातातला दोरा सुईत जाईना. मी म्हणालो, "बाई, ती नावं मी काढली."

त्यांनी मान वळवली. त्यांना माझा चेहरा धड दिसत नसणार. मी सगळं सांगितलं, पात्यापासून गटारापर्यंत. रडलोही. त्यांना आधीपासून माहीत असेल, अशी मला कुठेतरी आशा होती. त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

"पुढची सुई ओव," शेवटी त्या म्हणाल्या. मी ओवली. "सात वर्षं मी एका चांगल्या बाईला शिव्या घातल्या. तुझ्यामुळे."

"हो."

"माझ्यापुढे रडून काय उपयोग? त्या गोधड्यांवर माझं नाव नव्हतं. रिक्षा बोलाव."

आम्ही आधी चिटणीस बाईंकडे गेलो. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. बाई त्यांच्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, मी तुम्हाला फार वाईट बोलले. तोंडावर थोडं, पाठीमागे पुष्कळ. ते सगळं परत घेते. हा उंदीर सोबत आणलाय." चिटणीस बाई हसल्या आणि त्यांनी बाईंचा हात धरला. मग बाईंनी निवडायला काही आहे का विचारलं, आणि दोघी तासभर वाल सोलत बसल्या. मी चिटणीस बाईंची क्षमा मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्ही दुसऱ्याच दिवशी याल."

वस्तीत मला एकट्याने जायचं होतं. बाईंचा तसा हुकूम होता. नऊ घरं. मी पहिलं घर भागाबाईचं घेतलं. ते झालं की बाकीची सोपी जातील असं वाटलं होतं. सोपी गेली नाहीत, पण ते वेगळं.

भागाबाई दारात डाळ पाखडत बसली होती. केस पांढरे झाले होते. "जय भीम दादा, या. बसा," ती म्हणाली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. पत्राची मुदत सांगितली, सोखाची जागा सांगितली, लोक कसे नाव वाचून मागे व्हायचे ते सांगितलं, मला खोली मिळत नव्हती तेही सांगितलं. ती सूप मांडीवर तसंच धरून ऐकत राहिली.

माझं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "किती येळ लागला?"

"कशाला?"

"माझं नाव काढाया."

मी आठवून पाहिलं. खोटं सांगायचं नव्हतं. "एक मिनिट लागलं असेल."

ती सुपातल्या डाळीकडे बघत होती. "मला लिवाया चार महिने लागले व्हते," ती म्हणाली.

मग मी जी कारणं सांगितली होती ती सगळी मला ऐकू येऊ लागली, एकामागोमाग एक, आणि त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवावंसं वाटेना. मी खाली तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिच्या पूर्ण नावाने तिला हाक मारली, तिचं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिन्ही. आणि म्हणालो, "मी चुकलो. मला माफ करा."